माणूस पाठवला आहे

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, या खेपेपुरता डाव्या हाताने केलेला नमस्कार. एका हाताचा नमस्कार अर्धाच पोचत असेल तर उरलेला अर्धा प्लास्टर निघाल्यावर जातीने पुरा करीन. तुझे गुडघे काय म्हणतात? जिन्याची चढउतार खरंच कमी केलीस, की डॉक्टरांना नुसतं हो म्हणून आलीस? भाऊजींचा खोकला, भाचीची परीक्षा आणि शेजारणीशी कुंडीवरून चाललेलं तुझं भांडण, सगळं यथास्थित असेल अशी आशा करतो. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. उजवं मनगट मोडलं आहे, एक गुडघा सोलवटला आहे आणि बसताना एक विशिष्ट जागा दुखते (तिचा उल्लेख पत्रात करवत नाही), पण एवढं सोडलं तर इतकी उत्तम तब्येत माझी गेल्या तीस वर्षांत नव्हती.

अक्षर पाहून तू दचकली असशील. आपल्या घराण्यात इतकं वाचता येण्याजोगं अक्षर कुणाचंच नाही. हे पत्र मी बोलतो आहे आणि आमच्या गावातल्या एक लाँड्रीवाल्या बाई लिहीत आहेत. त्यांची माझी गाठ कशी पडली ते पुढे येईलच (गाठ पडली म्हणण्यापेक्षा मी पडलो म्हणणं जास्त बरोबर). त्यांना कपड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायची सवय, त्यामुळे वाक्य चार शब्दांच्या वर गेलं की त्या मान वर करून माझ्याकडे बघतात, आणि माझी वाक्यं तर तुला ठाऊक आहेत. त्यांनी लिहून द्यायला एक अट घातली आहे. जिथे मी थाप मारतोय असं त्यांना वाटेल तिथे त्या कंसात ‘लाँड्रीकडून’ असं लिहून आपलं म्हणणं घालणार. मी अट मान्य केली, कारण हात त्यांचा आहे.

आधी मुद्द्याचं. शुक्रवारी संध्याकाळी घरविक्रीच्या संमतीपत्रावर सही करून मी ते तुझ्या पत्त्यावर टाकलं. या पत्राच्या आधी ते तुला मिळालं असेल. मी नोकरीला लागलो त्या वर्षी बाबांनी घेतलेलं हे घर आपल्या दोघांच्या नावावर, तुझी सही कधीच झालेली, माझीच तेवढी राहिली होती. आता तू ते कागद घर घेणाऱ्या गृहस्थांच्या हाती दिलेस की काम झालं. तीस तारखेला त्यांना किल्ल्या मिळतील आणि त्याच दुपारच्या गाडीने मी ट्रंक घेऊन कायमचा तुझ्याकडे येईन. हे ठरलं आहे आणि त्यात बदल नाही. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, निवृत्त झालेल्या एकट्या माणसाचं त्या गावात आता आहे तरी काय? मी बराच विचार केला आणि उत्तर आलं, काही नाही. शुक्रवारपर्यंत ते खरं होतं. (लाँड्रीकडून : शेवटचं वाक्य खोडा म्हणाले. मी पेनने लिहिते, खोडत नाही.)

आता शनिवारकडे वळतो. पण शनिवार समजायचा तर माझी नोकरी समजली पाहिजे, आणि ती तुला कधीच समजली नाही. तू लोकांना सांगतेस की माझा भाऊ पाणीखात्यात साहेब आहे. ताई, मी एकतीस वर्षं तळघरातल्या एका खोलीत फोनसमोर बसलो. घंटा वाजली की उचलायचा, म्हणायचं, नाव आणि गल्ली सांगा. तक्रार एका चिठ्ठीवर उतरवायची, ती भिंतीतल्या फटीतून पलीकडच्या खोलीत सरकवायची आणि फोनवर सांगायचं, तक्रार नोंदवली आहे, माणूस पाठवला आहे. पलीकडून चिठ्ठी कोण उचलतो हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या वर्षी संकोच वाटला, आणि पंधराव्या वर्षी विचारणं बरं दिसलं नसतं. घर ते ऑफिस अकरा मिनिटांची वाट, तिच्यावरच किराणा, न्हावी आणि औषधवाला. त्यामुळे फाटकाबाहेर पडून मी कायम उजवीकडे वळत आलो. डावीकडे वळायचं कारणच पडलं नाही. बाकीचं गाव मला कानाने माहीत. सात नंबरची गल्ली म्हणजे कमी दाब. बारा नंबर म्हणजे गढूळ पाणी. एकोणीस नंबर म्हणजे लाल पाणी आणि वर चार शब्द. आज पाणी छान आलं हो, असं सांगायला एकतीस वर्षांत एकाचाही फोन आला नाही, तेव्हा हे गाव म्हणजे एक मोठी कुरकूर आहे अशी माझी ठाम समजूत झाली होती. असं गाव सोडताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल? (दाबच कमी.)

निरोप समारंभात ऑफिसच्या मंडळींनी मला सायकल दिली. एकतीस वर्षं बूड न हलवलेल्या माणसाला सायकल देण्यामागे कुणाचं डोकं होतं ते शोधून काढायचा मी प्रयत्न केला, पण सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तीन महिने ती तशीच पुठ्ठ्यात गुंडाळलेली पडवीत उभी होती. शनिवारी सकाळी म्हटलं, आता तीस तारखेला जायचंच आहे, तर ही सायकलवाल्याला देऊन टाकावी. त्याचं दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सायकल हातात धरून एवढं चालत जायचं म्हणजे लोक हसणार, म्हणून तिच्यावर बसलो. लोक हसले ते हसलेच.

तुला आठवत असेल, लहानपणी तू मला सायकल शिकवलीस तेव्हा मागून धरलं आहे असं सांगून सोडून दिलं होतंस आणि मी थेट गोठ्यात गेलो होतो. चाळीस वर्षांनी पायडलवर पाय ठेवला तेव्हा मी नकळत मागे वळून बघितलं. कुणी धरलेलं नव्हतं. पण सकाळचे सात वाजलेले, उन्हाचा चटका अजून लागायचा होता, रस्ता रिकामा, आणि फाटकाबाहेर हँडल आपोआप डावीकडे वळलं. (वळवायचं मला अजून जमत नव्हतं, सायकल आपल्या मनाने गेली हे कबूल करतो.) पन्नास पावलांवर मला पहिला धक्का बसला. आपल्या घरापासून पन्नास पावलांवर, ताई, एक प्रचंड झाड आहे. अख्खा रस्ता पोटाखाली घेईल एवढं. त्याच्या सावलीत एक घड्याळजी, एक किल्ल्या बनवणारा आणि एक चांभार असे तिघं ओळीने बसतात आणि तिघांत मिळून एकच वर्तमानपत्र वाचतात. मी एकतीस वर्षं उजवीकडे वळलो आणि हे झाड माझ्या पाठीमागे उभं होतं. मी उतरून त्याच्याकडे बघत राहिलो. चांभाराने विचारलं, काही हरवलं का. मी हो म्हणालो.

तिथून पुढे सात नंबर. गल्लीच्या तोंडाशी पाटी वाचली आणि मी एकदम सावरून बसलो, कुणी ओळखीचं घरी येणार असल्यासारखा. आणि मग सायकल पुढे जाईना. पाय मारतोय, मारतोय, ती आपली जागच्या जागी. उतरून बघतो तर काय, गल्ली चढावर आहे. चढ म्हणजे साधासुधा नाही, माडीच्या जिन्यासारखा. सात नंबरच्या शेवटच्या घरातले एक आजोबा बावीस वर्षं दर आठवड्याला फोन करून सांगायचे की वरपर्यंत पाणी चढत नाही, आणि मी बावीस वर्षं त्यांना सांगत आलो की तोटी पूर्ण उघडून बघा. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी बिचारं चढणार कुठून, मी स्वतः दोन वेळा बसलो. ऑफिसातल्या माझ्या नकाशावर सगळ्या गल्ल्या सारख्याच रेघांच्या होत्या. रेघेला चढ नसतो.

वरच्या टोकाला ते आजोबा ओट्यावर बसले होते. बोलायच्या आधी खोकले, आणि मी त्यांना खोकल्यावरून ओळखलं. फोनवरही ते आधी खोकत, मग माफी मागत, मग तक्रार सांगत. मला धापा टाकताना पाहून त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. ते पाणी त्यांनी पहाटे खालच्या नळावरून बादलीने वर आणलेलं होतं हे मला त्यांनी सांगितलं नाही, मला ते बावीस वर्षं माहीत होतं. तो तांब्या माझ्याच्याने रिकामा करवेना आणि परत देणंही बरं दिसेना. मी कोण ते सांगायचा धीर झाला नाही. सहज आलो होतो, बघायला, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, बघा की, इथून सगळं दिसतं. आणि मला हाताला धरून त्यांनी ओट्याच्या कडेला नेलं.

काय सांगू तुला. खाली सगळं गाव पसरलेलं. मी ज्याला कुरकूर समजत होतो ते. गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, खिडकीत उभा राहून दाढी करणारा एक माणूस, शाळेच्या बंद फाटकावर बसलेली मांजर, एका अंगणात उलटी करून ठेवलेली खुर्ची आणि तिचा पाय ठोकणारी बाई, आणि मधोमध आमची पाण्याची टाकी. ऑफिसच्या कागदांवर तिला ‘टाकी क्र. २’ म्हणतात. मी हजारो वेळा लिहिलं असेल, टाकी क्र. २ दुरुस्तीसाठी बंद. पण ती एवढी मोठी असेल, तिला एवढे उंच पाय असतील आणि तिच्याभोवती शेकडो पाखरं गोल गोल फिरत असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बुडातून कुठेतरी थेंब ठिबकत होते आणि खाली बरोबर तेवढ्याच जागेत गवत हिरवंगार होतं. (ती गळती नियमाप्रमाणे कळवायला हवी. मी कळवणार नाही.) मी तिथे किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. आजोबा मधूनच सांगत होते, ते शिंप्याचं घर, त्याच्या मुलीला परवा मुलगी झाली; ती पिवळी भिंत पोस्टमास्तरांची. त्यांचा आवाज माझ्या कानाला इतका सवयीचा की मी दोनदा खिशात पेन चाचपलं.

उतारावरून मी कसा खाली आलो ते सविस्तर सांगत नाही. (लाँड्रीकडून : ओरडत आले. चार जणांनी मला सांगितलं.) उताराच्या तळाशी रस्त्याच्या मधोमध लोखंडी झाकण उघडून एक माणूस उभा होता. त्याच्या हातात त्याच्याहून उंच लोखंडी चावी, खाली खड्ड्यात उतरलेली. सायकल त्याला वळसा घालील असं मला वाटलं होतं, पण तिने चावीच धरली. तो शांतपणे म्हणाला, आता आलाच आहात तर जरा दाबून धरा. हा पाणी सोडणारा चावीवाला. बोलता बोलता कळलं, मी एकतीस वर्षं ज्याला ‘माणूस पाठवला आहे’ म्हणत आलो तो माणूस हाच. मी ते वाक्य म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर वीसपंचवीस माणसांची फौज असायची. ताई, अख्ख्या गावाला हा एकटा आहे. पूर्वी याचे वडील होते. मग मी हळूच सांगितलं की चिठ्ठ्या माझ्या असायच्या. त्याने चावी सोडून कपाळाला हात लावला. म्हणाला, तुमचं अक्षर होय ते? एकही चिठ्ठी आजवर लागली नाही. वाचत बसण्यात दिवस जायचा, म्हणून मग मी रोज सगळ्याच गल्ल्या फिरतो. (लाँड्रीकडून : हे खरं आहे. त्यांची सही मी पाहिली.)

मला राग यायला हवा होता. एकतीस वर्षांचं लिखाण पाण्यात गेलं. पण मी त्याच्या टाचांकडे बघत होतो. रोज सगळ्या गल्ल्या, चढावरच्यासुद्धा, आणि का, तर मला नीट लिहिता येत नाही म्हणून. मी माफी मागायला लागलो तर त्याला त्याची घाई नव्हती, त्याला पाणी सोडायची घाई होती. त्याने चावीला चार वेढे दिले, मग कान चावीच्या दांड्याला लावून उभा राहिला, आणि मला खुणेने म्हणाला, लावा. मी कान लावला. आधी काही नाही. मग खोलवर, पायांच्याही खाली, एक घोगरा आवाज उठला आणि सरकत सरकत आमच्या खालून पुढे गेला. मी एकतीस वर्षं पाण्याबद्दल ऐकलं, पण पाणी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, आता ऐका, आणि बोट वर केलं. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरात नळ खाकरला. मग दुसऱ्या घरात. मग समोर. मग बादलीत धार पडल्याचा आवाज, कुणीतरी आतून आलं आलं म्हणालं, भांडी हलली, दारं उघडली, आणि तो आवाज एकेक घर करत चढावर चढायला लागला. वरपर्यंत जातं का, मी विचारलं. तो म्हणाला, आज जाईल, दोन वेढे जास्त दिलेत, तुम्ही दाबून धरलंत ना. ताई, मला नोकरीत कधी शाबासकी मिळाली नाही. हे वाक्य ऐकून मी सायकलचं हँडल पुसायला लागलो, कारण मान वर करता येईना.

यानंतर सायकलवाल्याचं दुकान माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी नुसता फिरलो. बारा नंबरमध्ये गढूळ पाण्याची तक्रार करणारी कुंभारीण सापडली, तिच्या अंगणातूनच सगळी माती नळाच्या खड्ड्यात जाते हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. कुठे बाक दिसला की बसलो, कुठे कुणी किती वाजले विचारलं की थांबून बोललो. नऊ-साडेनऊला ऊन चांगलंच तापलं तरी घरी जावंसं वाटेना. आणि असं करता करता मी एकोणीस नंबरमध्ये शिरलो.

एकोणीस नंबर म्हणजे लाल पाणी हे वर आलंच आहे. अकरा वर्षं दर शनिवारी बरोबर साडेदहाला एका बाईंचा फोन यायचा : पांढऱ्या चादरींवर तांबूस डाग, तुमचा माणूस कुठे आहे. त्या आवाजाने फोनची तार गरम होते असं मी म्हणायचो. माझ्या मनात त्या बाई सहा फूट उंच, हातात सोटा. (लाँड्रीकडून : उंची पाच फूट. सोटा आहे.) मी गल्लीत वळलो आणि थक्क झालो. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांमधून दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर चादरी, ओळीच्या ओळी, आभाळ दिसू नये इतक्या. दवाखान्याच्या, लॉजच्या, घरोघरच्या. उन्हात त्या इतक्या पांढऱ्या की मला डोळे बारीक करावे लागले, आणि खालची सावली इतकी गार की अंग एकदम सैल पडलं. वारा आला की सगळ्या एकदम फुगायच्या. मी त्यांच्याखालून मान वर करून चाललो होतो, तोंड उघडं. एकही डाग नव्हता, ताई. त्या बाई लाल पाण्यातून हे काढत होत्या, अकरा वर्षं.

तेवढ्यात उघड्या दारातून तो आवाज आला. फोनवरचा. तीन महिने झाले, कुणी धड उत्तर देत नाही, एवढं मी ऐकलं. बरोबर साडेदहा वाजलेले. आणि ताई, एकतीस वर्षांची सवय ही, तिला हँडल कळत नाही. माझा उजवा हात आपण होऊन उठला आणि नसलेला रिसीव्हर उचलून कानाला लावला. माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं, नाव आणि गल्ली सांगा. आता त्या सायकलला एकच ब्रेक धड लागतो, आणि तो उजवीकडे आहे. मी वाळलेल्या चादरींच्या ढिगात गेलो असतो तर काही म्हणणं नव्हतं, पण त्याच्या अलीकडे लोखंडी पिंप होतं. पिंपाला काही झालं नाही.

शुद्धीवर आलो (लाँड्रीकडून : शुद्ध गेली नव्हती, डोळे मिटले होते) तेव्हा या बाई माझ्यावर वाकून बघत होत्या, तोंडात कपड्यांचे दोन चिमटे. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर आवाजावरून ओळखलो गेलो असतो. पण मनगट हलवून बघितल्यावर मला बोलावंच लागलं. त्यांनी चिमटे तोंडातून काढले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही होय. मग त्यांनी आणि त्यांच्या इस्त्रीवाल्याने मला हातगाडीवर घातलं, खाली धुवायच्या चादरी, वर छत्री, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे वरात निघाली. ती वाट मी जन्मात विसरणार नाही. रस्त्यातले लोक विचारायचे, काय झालं. मी पडल्या पडल्या म्हणायचो, काही नाही, किरकोळ आहे, आणि पुढे गेलेली माणसं आवाज ऐकून मागे फिरायची. अहो, हे पाणीवाले ना? हे तर आपले तक्रारवाले. बघता बघता गाडीभोवती दहाबारा जण झाले. मला त्यांचे चेहरे परके आणि आवाज सगळे घरचे. मी डोळे मिटून एकेकाला गल्लीच्या नंबराने हाक मारली आणि एकही चुकलो नाही. कुणी विचारलं, तुम्ही गेलात कुठे, तिथला नवा माणूस ऐकूनच घेत नाही. एकाने तर चालता चालता गळक्या नळाची तक्रार सांगितली आणि मी मोडक्या हाताने नोंदवली आहे म्हणालो. या गावात मला कुणी ओळखत नाही असं मी तुला कितीदा लिहिलं असेन. अख्खं गाव मला ओळखत होतं, मीच फक्त घराबाहेर पडलो नव्हतो.

आज रविवार. मी घरीच आहे. कालचे माझे चिखल झालेले कपडे या बाई आज धुऊन, इस्त्री करून, चिठ्ठी लावून घेऊन आल्या, म्हणून त्यांनाच पत्रासाठी बसवून घेतलं. तर ताई, हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही. शनिवार छान गेला, संपला. ठरल्याप्रमाणे मी तीस तारखेला येतो. तू माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, रंग दिलास, गुडघे दुखत असताना पडदे शिवलेस, आणि मी एका सकाळच्या सायकलीपायी माघार घेईन असं तुझ्या मनात येऊ देऊ नकोस. सहा आठवड्यांचं प्लास्टर तुझ्याकडेच निघेल. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : तुझ्याकडे जिन्याखाली एक सायकल मावेल का? आणली नाही तरी चालेल. तुझ्या गल्लीला चढ आहे का, आणि पाणी कुठल्या टाकीतून येतं, तुमचा चावीवाला सकाळी किती वाजता येतो, तेवढं विचारून ठेव. मला माहीत असलेलं बरं.

ता. क. : मी आनंदाने येतो आहे. (लाँड्रीकडून : हा शब्द सांगायला त्यांना वेळ लागला.)

ता. क. : हा माझा, लाँड्रीवालीचा. ते चहा करायला आत गेलेत. एका हाताने करायचा आहे, तेव्हा मला दहा मिनिटं मिळतील. ताई, आपली ओळख नाही. मला लांब लिहिता येत नाही. त्यांनी ‘ठरल्याप्रमाणे’ म्हटलं, मी लिहिलं. प्रत्येक वेळी ते खिडकीकडे बघत होते. मी विचारलं, जायचं नाही असं सरळ सांगा ना बहिणीला. म्हणाले, तिने पडदे शिवलेत. एकतीस वर्षं सगळ्या गावाच्या तक्रारी ऐकल्या, स्वतःची एक करता येत नाही. म्हणून मी करते. मला ती सवय आहे.

दुसरं. शनिवारी मी फोनवर पाण्याबद्दल बोलत नव्हते. पाणी चार महिने स्वच्छ येतंय, चावीवाल्याने नळी बदलली. मी विचारत होते की पूर्वी तिथे बसायचे ते गृहस्थ कुठे गेले, तीन महिने झाले, कुणी धड उत्तर देत नाही. हे त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुम्ही असं करा. त्यांना लिहा की मागच्या खोलीत ओल आली आहे, वर्षभर राहण्यासारखी नाही. ओल म्हटलं की ते काहीही मानतात. रागवल्यासारखं लिहू नका, लगेच ओळखतील. आणि पडदे काढून इकडे पाठवा. या घराच्या खिडक्यांना पडदे नाहीत, मी मापं घेतली आहेत, कागदाच्या मागे लिहिते.

चहा घेऊन येतायत. अर्धा सांडला. संमतीपत्र फाडा, ताई.